भरतीच्या वेळेची शाळा

“पाणी चढलंऽऽ! पाणी चढलं! पोरं सोडा, मास्तर, पोरं सोडा!”

मी पाचवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवत होतो. नोकरीचा पहिला दिवस, पहिलाच तास. मी कराडकडचा माणूस. समुद्र आदल्या संध्याकाळी आयुष्यात पहिल्यांदा बघितला होता, आणि एवढं पाणी बांधबिंध न घालता उघड्यावर ठेवलेलं मला मुळीच पसंत पडलं नव्हतं. त्यामुळे ओरडा ऐकल्याबरोबर मी काय समजायचं ते समजलो. खडू फेकला, पुढच्या बाकावरची दोन पोरं काखेत मारली आणि टेबलावर चढलो.

बाकीचा वर्ग शांतपणे दप्तरं गुंडाळत होता. काखेतलं एक पोरगं माझ्या बगलेतून म्हणालं, “गुरुजी, खाली उतरा. पाणी मिरकरवाड्याला चढलंय. शाळेत नाय.”

एवढ्यात ओरडणारा माणूस दारात आला. ताडमाड उंची, काळा कोट, धोतराचा सोगा कमरेला खोचलेला, काखेत कागदांचं भेंडोळं. त्याने मला टेबलावर उभा बघितला, आणि जणू नवे मास्तर तिथेच उभे राहतात अशा चेहऱ्याने म्हणाला, “टेबल शाळेचं आहे. चढायचं तर वहाणा काढून.” आणि जो उताराला लागला तो दिसेनासा झाला. खिडकीतून बघतो तर हा गृहस्थ पोरांच्या लोंढ्यात पोरांना मागे टाकत खाली मिरकरवाड्याच्या मच्छीमार वस्तीकडे धावतोय!

हे आमचे हेडमास्तर.

मी टेबलावरून उतरलो तो धोंडू शिपायाचा हात धरून. धोंडूला मात्र यात काहीच विशेष वाटत नव्हतं.

“त्याचा काय हाय मास्तर,” तो म्हणाला, “हेडमास्तर कादंबरी लिवतात. ती त्यांना भरतीलाच येते. ओहोटीला नाय येत.”

“म्हणून शाळा सोडायची?”

“सोडायची कशाला? पाणी उतरला की परत भरायची. घंटा हाय ना!”

मिठाच्या सत्याग्रहाच्या आधीची ही गोष्ट. रत्नागिरीत घड्याळं होती, घड्याळजी होते, आणि आमच्या हायस्कुलाच्या भिंतीवर तर लोलकाचं भलंमोठं घड्याळ होतं. पण ते फक्त वारं घालायला. शाळा चालायची समुद्रावर. अष्टमीच्या सुमाराला भरती पहाटे आणि संध्याकाळी यायची. तेव्हा आमची शाळा चारचौघींसारखी, अगदी सभ्य दिसे. पण तिथी पुढे सरकली की भरती सरकायची, भरतीबरोबर घंटा सरकायची, आणि पुनव-अवस आली की ऐन दुपारी शाळा मधोमध तुटायची. अर्धा भूगोल सकाळी, अर्धा तिसऱ्या प्रहरी. मधे पाणी.

गावाने याची एवढी सवय करून घेतली होती की मी थक्क झालो. वरच्या आळीतल्या बायका भात कधी लावायचा ते तिथी बघून ठरवत. मुंजीचे मुहूर्त काढताना भटजी आधी शाळेत माणूस पाठवीत. एक आजी मात्र दर पौर्णिमेला काठी आपटत यायच्या आणि फाटकातून ओरडायच्या, “अहो हेडमास्तर, आमची चूल भरतीवर पेटत नाही हो!” त्यावर हेडमास्तर आतून तेवढ्याच मोठ्याने ओरडत, “मग ओहोटीवर पेटवा!”

यात परोपकार वगैरे शोधू नका. त्यांनी हे वेळापत्रक निव्वळ स्वतःच्या सोयीसाठी केलं होतं. मिरकरवाड्याच्या पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, होड्यांचा म्होरक्या इस्माईल तांडेल याची एक जुनी होडी उपडी घातलेली असायची. तिच्यावर बसायचं, पाय पाण्यात सोडायचे, पाणी घोट्यापाशी आलं की लेखणी सुरू, गुडघ्यापासून उतरू लागलं की बंद. मधल्या वेळात जगबुडी झाली तरी मान वर नाही. पण झालं असं, की भरतीलाच वाड्याच्या होड्या किनाऱ्याला लागतात आणि तेव्हाच मासळी वाहायला घरात पोरं हवी असतात. पूर्वी ती पोरं शाळेत पाहुण्यासारखी यायची. आता भरतीला शाळाच सुटते म्हटल्यावर एकजात सगळी येऊ लागली. आमच्या हायस्कुलाला जोडलेले खालचे मराठी वर्ग असे भरले की बाकं पुरेनात. लोक हेडमास्तरांना दूरदृष्टीचे म्हणू लागले. फुकट मिळालेली कीर्ती नाकारण्याइतका वेळ त्यांच्यापाशी नव्हता.

वेळ नव्हता हे खरंच. ते म्हणायचे, “माझ्यात तीन बिऱ्हाडं आहेत. हेडमास्तर, शिक्षक आणि लेखक. तिघांचं एकमेकांशी पटत नाही, आणि तिघांना चूल एक.” हे ते विनोदाने म्हणतात असं मला वाटायचं. मग एके दिवशी धोंडू फायलीतला एक अर्ज घेऊन आला आणि माझ्या तोंडाचा आ झाला. लेखकाला प्रकरण पुरं करायचं होतं म्हणून शिक्षकाने हेडमास्तरांकडे रजा मागितली होती. अक्षर त्यांचंच. खाली शेरा, तोही त्यांच्याच अक्षरात: ‘नामंजूर. शाळेत आधीच शिस्त नाही.’

आम्ही हसलो. पण पुढचे कितीतरी दिवस हा माणूस हेडमास्तरांच्या खुर्चीत बसला नाही! शिक्षकांच्या खोलीत आमच्यात येऊन बसायचा, चहात बिस्किट बुडवायचा आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणायचा, “माणूस निर्दय आहे. त्याला लिहिणाऱ्याची काय किंमत?” सह्या करायच्या वेळी उठून जायचा, करायचा आणि परत येऊन शिव्या घालायचा.

आणि शिकवायचे कसे! इतिहासात वेढा आला की पोरांना वर्गात कोंडायचे, बाहेरून कडी, आणि स्वतः शत्रू होऊन व्हरांड्यात तळ ठोकायचे. पिण्याच्या पाण्याची घागर शत्रूकडे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी घाबरून कडी काढायला धावलो, तर म्हणाले, “मास्तर, तुम्ही कुणाच्या बाजूचे? आधी ते सांगा.” दुपारपर्यंत पोरांनी खिडकीतून तहाची कलमं लिहून बाहेर टाकली. त्या कलमांत ‘गणिताचा तास कायमचा बंद’ असं एक होतं; त्यावर शत्रूने माझी सही आणायला सांगितली. पण त्या वर्गातला कुठलाही पोरगा आज म्हातारपणी झोपेतून उठवा, वेढा म्हणजे काय ते तुम्हाला सांगेल, आणि आधी पाणी मागेल.

आता कादंबरी. ती मुंबईच्या एका मासिकात येत होती, दर महिन्याला एक प्रकरण. गोष्ट एवढीच: एका तांडेलाचं गलबत वादळात बेपत्ता होतं आणि त्याची बायको बंदरावर वाट बघत उभी राहते. अकरा प्रकरणं ती उभीच होती. पण काय उभी होती! मासिकाचा अंक बोटीने आला की बंदरावरच फुटायचा. वाचता येणारा एक, भोवती ऐकणारे तीस. इस्माईल तांडेल स्वतः अडाणी. पण त्याचा थोरला भाऊ असाच दर्यात गेलेला, तेव्हा तो ऐकताना कुणाला खोकू देत नसे. हेडमास्तर होडीवरून उतरले की रोज विचारायचा, “काय मास्तर, आनताव का नाय त्याला घरी?”

“बघू. पाणी काय म्हणतं त्यावर.”

“पान्यावर नका सोडू. पान्याने आमचा कधी आनून दिलाय? तुमी आना.”

ह्यावर हेडमास्तर कागदांचं भेंडोळं काखेत मारून शाळेच्या चढाला लागत.

बाराव्या, शेवटच्या प्रकरणाचा महिना आला आणि एका सकाळी शाळेत आरडाओरडा झाला. या खेपेला ओरडत होते आमच्या शाळा समितीचे चेअरमन. पेशाने वकील, त्यामुळे ओरडतानाही मुद्दे पाडून.

“हेडमास्तर, शाळा घड्याळावर चालते की समुद्रावर?”

“साहेब, घड्याळाला किल्ली द्यावी लागते.”

“थट्टा पुरे! शाळाखात्याचे डेप्युटी तपासणीला येताहेत. अमावास्येला, अकरा वाजता.”

अमावास्या म्हटल्यावर आम्ही सगळे एकमेकांकडे बघू लागलो. अमावास्येचं उधाण! पाणी चढणार नेमकं त्याच वेळी.

“अकराला त्यांनी शाळा रिकामी बघितली,” वकीलसाहेब म्हणाले, “की सरकारी ग्रँट गेली. ग्रँट गेली की खालचे मराठी वर्ग बंद. मिरकरवाड्याची पोरं पुन्हा टोपल्या उचलायला मोकळी. आणि त्यांच्याआधी तुम्ही.”

हेडमास्तर पांढरे पडले. तुम्ही म्हणाल, नोकरीसाठी. मीही तसंच समजलो होतो. पण चेअरमन गेल्यावर त्यांनी खिशातून मासिकाच्या मालकाचं पत्र काढून माझ्यापुढे टाकलं. मालकाने सरळ कळवलं होतं: अमावास्येच्या संध्याकाळच्या बोटीने शेवटचं प्रकरण आलं नाही, तर शेवट मी स्वतः लिहून छापीन.

“मग आज-उद्या लिहून टाका, सर,” मी म्हणालो.

“येत नाहीये,” ते म्हणाले. “रोज बसतोय. पाणी येतं, जातं. ते आता उधाणालाच येणार.”

मी हादरलो. ह्या माणसाचं पाण्याचं वेड सोंग आहे असं मी मनातून धरून चाललो होतो. ते सोंग नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खुर्चीत हेडमास्तर बसलेले होते. लेखक कुठे दिसेना, शिक्षकही नाही. नुसता हेडमास्तर. त्यांनी फर्मान काढलं, आणि स्वतः प्रत्येक वर्गात जाऊन वाचून दाखवलं: अमावास्येला अकरा वाजता प्रत्येक मूल जागेवर. डेप्युटी शाळेत असेपर्यंत हाताची घडी. पाटी, पेन्सिल, टाक, दौत, कशालाही हात लावायचा नाही. खाजवायचंसुद्धा नाही. शिक्षकांनाही हेच लागू. “कोणी घडी सोडली,” ते म्हणाले, “तर मी त्याला ओळखणार नाही.” मिरकरवाड्यात जाऊन घरोघर पदर पसरावा तसा त्यांनी उपरणं पसरून शब्द घेतला, की एक दिवस मासळी मोठ्यांनी वाहावी, पोरं शाळेत राहू द्यावी. वाड्याने शब्द दिला आणि पाळला.

अमावास्या आली. अकराच्या ठोक्याला हेडमास्तर फाटकात पगडी घालून उभे. डेप्युटी आले, नाकावर चष्मा, चष्म्यावर भिवया, भिवयांवर आठ्या. ह्या वर्गातून त्या वर्गात फिरले. सगळीकडे पोरं घडी घालून दगडी मूर्तींसारखी बसलेली. सातवीच्या वर्गात मी भिंतीला लागून घडी घालून उभा होतो. डेप्युटी खुर्चीत बसले आणि म्हणाले, “हेडमास्तर, आपणच एखादा धडा घ्या. निबंध घ्या. विषय... बंदरावरची संध्याकाळ.”

खिडकीबाहेर, आंब्यांच्या शेंड्यांपलीकडे, पाणी चढत होतं. आणि तो विषय! हेडमास्तरांनी खडू उचलला. फळ्यावर पहिली ओळ लिहिली. दुसरी लिहिली. तिसऱ्या ओळीला त्यांचा आवाज बदलला, चौथ्या ओळीला त्यांनी पगडी काढून टेबलावर ठेवली, आणि मला कळलं की शिक्षक वर्गातून निघून गेलाय.

ते बोलत होते आणि लिहीत होते. ती बाई बंदरावर उभी होती. पाणी तिच्या पावलांशी आलं होतं. फळा भरला. त्यांनी फडकं उचललं, सरसर पुसला आणि पुढे लिहू लागले. पुन्हा भरला, पुन्हा पुसला. मी आयुष्यात पुष्कळ ऐकलंय, नाटकं, कीर्तनं, पुढाऱ्यांची भाषणं. तसं काही मी ऐकलं नाही. वर्गातल्या माश्या भिंतीवर बसून राहिल्या म्हणालो तर तुम्ही म्हणाल मास्तर फेकतोय. बरं, माश्या सोडा. डेप्युटींची गोष्ट ऐका. सरकारी माणूस, पण त्यांनीही हाताची घडी घातली होती, आणि चष्म्याखालून पाणी ओघळत होतं ते पुसायलाही घडी सोडत नव्हते. खिडकीच्या गजांना धरून इस्माईल तांडेल उभा होता. वाड्याची पोरं खरंच बसलीत का ते बघायला आला होता. तो हललाच नाही.

फडकं फिरत होतं. खडूची भुकटी त्यांच्या काळ्या कोटावर पडून कोट पांढरा झाला होता.

मग पाणी उतरायला लागलं असावं. ते एकदम थांबले. शेवटची ओळ लिहिली, वाचली आणि सवयीने तीही पुसली. पगडी उचलून डोक्यावर ठेवली. “निबंध असा लिहावा,” ते म्हणाले, आणि खाली बसले.

डेप्युटी उठले. तेवढ्यात खिडकीतून तांडेलच ओरडला, “सायेब, ही शाळा पान्याप्रमानं भरते म्हनून आमची पोरं येतात! आज काय तुमच्यासाठी बसवलीत, रोजची नाय अशी!” आम्ही थिजलो. चेअरमन व्हरांड्यात होते, ते खांबाला धरून खाली बसले. डेप्युटींनी हजेरीपट मागवला. मिरकरवाड्याची नावं बोटाने बघत गेले, बघत गेले, आणि म्हणाले, “असं? मग हेच ठेवा. मी वर लिहून पाठवतो.”

ते गेले. फाटक लागलं. शाळेने सोडलेला श्वास थेट भगवतीच्या किल्ल्यावर ऐकू गेला असेल. हेडमास्तर धावत सातवीत आले, चेहरा लहान मुलासारखा फुललेला. “आलं!” ते म्हणाले. “सगळं आलं! आणा, वह्या आणा. बोटीला अजून वेळ आहे.”

पोरं तशीच घडी घालून बसलेली.

“अरे, वह्या! उतरवून घेतलंत ना?”

पहिल्या बाकावरचा मुलगा उभा राहिला. तोही घडी घालूनच. “तुम्ही सांगितलं होतं सर, कशाला हात लावायचा नाही.”

हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं. माझीही घडी अजून तशीच होती.

मग जी धावपळ झाली ती विचारू नका. “तुम्ही सांगा!” “तू सांग!” चाळीस पोरांना चाळीस वाक्यं आठवत होती आणि दोन एकापुढे एक बसत नव्हती. ड्रिल मास्तर व्हरांड्यातून ऐकत होते. ते छातीवर हात ठेवून सांगत होते की गलबत परत आलं. ड्रॉइंग मास्तर म्हणाले, छे, ती पाण्यात चालत गेली. दोघांची जुंपली. मला आठवत होता फक्त त्यांचा आवाज. खुद्द हेडमास्तरांना तर एक ओळ आठवत नव्हती, आलेलं सगळं पाण्याबरोबर उतरून गेलं होतं; ते फळ्यासमोर उभे राहून कोऱ्या फळ्यावर बोट फिरवत होते, जणू खाली कुठेतरी अक्षरं उमटलेली असतील. इस्माईल तांडेलाला विचारलं तर त्याने नुसती मान हलवली आणि डोळे टिपत उतार उतरून गेला. त्याला आठवत होतं की नव्हतं, की सांगायचं नव्हतं, देव जाणे. संध्याकाळी भोंगा वाजला. बोट गेली.

पुढच्या अंकात मालकाने आपला शेवट छापला. तुम्हाला खोटं वाटेल, त्या गृहस्थाने तांडेलाला आगबोटीने परत आणला, तोही वरच्या वर्गाच्या तिकिटाने, हातात छडी आणि बायकोसाठी शिवणयंत्र घेऊन! बंदरावर वाचून झालं. कोणीतरी तो अंक समुद्रात टाकला.

डेप्युटींचा हुकूम आला. आमचं भरतीचं वेळापत्रक आता सरकारमान्य झालं, चौकटीत लावून भिंतीवर आलं. पाणी चढलं की धोंडू घंटा द्यायचा, पोरं उताराने सुटायची. फक्त हेडमास्तर धावत नव्हते. खुर्चीत बसून सह्या करत. इस्माईल तांडेलाने ती उपडी होडी बरेच दिवस कोणाला हलवू दिली नाही. मग एका पावसाळ्यानंतर बघितलं तर ती तिथे नव्हती.

हेडमास्तरांजवळ हा विषय काढायला मला फार दिवस लागले. ऐन दुपारची भरती होती, शाळा रिकामी, ते एकटेच सह्या करत बसलेले. मी दार लोटून आत गेलो आणि विचारून टाकलं, “सर, खरा शेवट काय होता? तो परत येतो की नाही?”

त्यांनी टिपकागद सहीवर दाबला, कागद पुढच्या कागदांवर ठेवला आणि मान वर न करता म्हणाले, “ग्रँट मंजूर झाली.”